चिखल्या: पावसाळी भटकंतीत पायांची बेचकी कशी सांभाळायची

पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हातानं फाकवून उजेडात बघा. चिखल्या झाल्या असतील तर तिथली कातडी पांढरीफटक, पाण्यात भिजवलेल्या पावासारखी भुसभुशीत दिसते. कडेचा पापुद्रा नखानं जरा उचलला की खाली लालबुंद, ओलसर, चुरचुरणारी जागा उघडी पडते. बेचक्याच्या अगदी तळाशी एखादी बारीक चीर असते आणि बोट ताणलं की तिच्यातून कळ येते. रात्री मोजे काढल्यावर खाज इतकी सुटते की खाजवल्याशिवाय राहवत नाही.

भातलावणी करणाऱ्यांना हा त्रास पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. आषाढात ओल्या वाटेनं पंढरपूरला चालत जाणारे वारकरी, पावसाळी ट्रेकला जाणारे, रोज बूट घालून धावणारे आणि भरतीचा सराव करणारे, सगळ्यांना तो गाठतो. डॉक्टर त्याला टिनिया पेडिस म्हणतात. औषध स्वस्त आहे, बहुतेकांना ते लागूही पडतं. तरी दर पावसाळ्यात चिखल्या परत येतात. कारण चिखल्या म्हणजे एक नव्हे, दोन बिघाड आहेत: पाण्यानं खराब झालेली कातडी आणि तिच्यावर पोसणारी बुरशी. मलम फक्त बुरशीवर चालतं आणि पाय कोरडे ठेवल्यानं फक्त ओल जाते. दोन्हींचा बंदोबस्त एकदम केला तरच चिखल्या जातात.

ओल आधी, बुरशी मागून

कातडीचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या या पेशी केराटिन नावाच्या चिवट प्रथिनानं भरलेल्या असतात. केस आणि नखंही त्याचीच बनतात. हा थर कोरडा असला की बुरशीला आत शिरायला वाव मिळत नाही. पाय तासन् तास ओल्या बुटात राहिले की तो पाणी शोषून फुगतो, कौलं सैल होतात आणि चालताना होणाऱ्या घासण्यानं फाटतात.

मग येते बुरशी. चिखल्यांमागे बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम किंवा ट्रायकोफायटॉन इंटरडिजिटाले यांपैकी एक असते. केराटिन विरघळवून खाणं हाच या बुरशींचा उदरनिर्वाह. त्या या मृत थरातच राहतात, सहसा खोल जात नाहीत. म्हणून मलम वरून लावूनही पोहोचतं. करंगळीचंच बेचकं आधी का जातं, तर तिथं बोटं एकमेकांना सगळ्यात घट्ट चिकटलेली असतात. हवा शिरत नाही आणि घाम वाळत नाही.

बुरशी पसरते ती कातडीच्या बारीक कोंड्यातून. पायथ्याच्या गावातली सामायिक मोरी, तंबूतली सतरंजी, उसनी घेतलेली चप्पल, तरणतलावाची ओली फरशी, घरातलं एकच पायपुसणं, या सगळ्यांवर तो कोंडा पडतो. त्यातले बीजाणू महिनोन् महिने तग धरतात. पण कोंड्यावर पाय पडला म्हणून प्रत्येकाला चिखल्या होत नाहीत. ज्याची कातडी आधीच भिजून फुगलेली असते, त्याच्या पायात बुरशी लवकर रुजते.

प्रत्येक खाज म्हणजे चिखल्या नव्हे

दिवसभर पाण्यातून चालल्यावर अख्खा तळवा पांढरा पडून सुरकुतला, पाय टेकताना दुखला, आणि रात्रभर कोरडा ठेवल्यावर सकाळपर्यंत बराच पूर्ववत झाला, तर ती निव्वळ ओल होती. त्याला मलम नको, कोरडी हवा हवी.

तळव्याच्या दाब पडणाऱ्या भागावर टाचणीनं टोचल्यासारखे खळगे पडले असतील आणि मोजे काढताच खोलीभर घाण वास सुटत असेल, तर तो जिवाणूंचा उद्योग आहे. बुरशीचं मलम तिथं सहसा पुरत नाही, डॉक्टर जिवाणूंवरचं औषध देतात. बेचक्यात हिरवट छटा आणि चिकट पाझर दिसला तरी जिवाणूंचाच संशय घ्यावा. तिथं घरी प्रयोग करत बसू नये.

उलट, जी बुरशी चटकन ओळखू येत नाही ती तळव्यावरची. अख्खा तळवा आणि पायाच्या कडा कोरड्या, जाडसर होतात, पिठूळ कोंडा सुटतो, खाज फारशी नसते. लोक तिला वर्षानुवर्षं भेगा समजून व्हॅसलिन चोळत राहतात. एक खूण लक्षात ठेवा: दोन्ही तळव्यांना असा कोंडा आणि त्याबरोबर एकाच हाताच्या तळव्याला तसाच कोंडा असेल, तर बुरशीचा संशय बळावतो. तो हात बहुधा पाय खाजवायचा असतो. पायाच्या बुरशीच्याच तिसऱ्या प्रकारात पायाच्या कमानीवर पाणी भरलेले बारीक, खाजरे फोड येतात.

खात्री करायची तपासणी सोपी आहे. डॉक्टर कोंडा खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. दोनदा औषध करूनही चिखल्या परतल्या असतील, तर तिसरी ट्यूब विकत घेण्याआधी ही तपासणी करून घ्यावी.

ट्यूब घेताना मागची बाजू वाचा

दुकानात 'खाजेचं मलम द्या' म्हटलं की बऱ्याचदा हातात पडते ती तीन-चार औषधांची मिश्र ट्यूब: बुरशीवरचं एक, जिवाणूंवरचं एक आणि वर स्टेरॉइड. आपल्याकडे बुरशीचा आजार इतका चिवट होण्यात या ट्यूबांचा मोठा हात आहे. स्टेरॉइडनं दोन दिवसांत लाली आणि खाज बसते, माणूस खूश होतो. पण स्टेरॉइड कातडीची प्रतिकारशक्ती दाबतं, बुरशीला रान मोकळं मिळतं आणि ती गुपचूप पसरते. ट्यूब थांबवली की दुप्पट खाज येते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. पुढे कातडी पातळ होते आणि आजाराचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो.

म्हणून घटकांच्या यादीत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसलं तर ती ट्यूब स्वतःच्या मनानं घेऊ नका. यादीत एकच औषध असलेली ट्यूब मागा.

साध्या, बेचक्यातल्या चिखल्यांसाठी नेहमीचे पर्याय तीन. टर्बिनाफिन १ टक्का, दिवसातून दोनदा, १ ते २ आठवडे. लुलिकोनॅझोल १ टक्का, दिवसातून एकदा, २ आठवडे. क्लोट्रिमॅझोल १ टक्का, दिवसातून दोनदा, ४ आठवडे. मुदतीत फरक का, हे समजून घेतलं की औषध मध्येच सोडावंसं वाटत नाही. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो आणि ही तिन्ही औषधं तो बनवण्याच्या साखळीत खोडा घालतात. टर्बिनाफिन ज्या पायरीवर अडवतं तिथं एक विषारी पदार्थ साचतो आणि बुरशी मरते. क्लोट्रिमॅझोल मुख्यतः तिची वाढ रोखतं. रोखलेली बुरशी शरीराबाहेर जाते ती कातडीचा जुना थर झडला की, आणि थर बदलायला साधारण ४ आठवडे लागतात. खाज मात्र पाच-सहा दिवसांतच थांबते. तेव्हा ट्यूब कपाटात गेली, तर उरलेली बुरशी पुढच्या पावसाची वाट बघत तिथंच बसते.

एक अडचण अलीकडची आहे. भारतात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी बोकाळली आहे. तिला हे नाव २०२० मध्ये मिळालं. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही. ती जास्त करून जांघेत आणि अंगावर गजकर्णासारखी पसरते. पायाबरोबर जांघेतही वर्तुळं उठली असतील आणि २ आठवडे नीट औषध लावूनही फरक नसेल, तर ट्यूब बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

किती लावायचं, कसं लावायचं

ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली की ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. एका पायाच्या सगळ्या बेचक्यांना तिच्या निम्मं पुरतं. म्हणजे दोन्ही पायांना मिळून एका वेळी अर्धा ग्रॅम, दिवसातून दोनदा लावलं तर १ ग्रॅम. ४ आठवड्यांच्या औषधाला २८ ग्रॅम, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब लागेल. २ आठवड्यांना १५ ग्रॅमची पुरेल. १० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरली, तर समजा की मलम कमी लागलं.

हाच हिशेब अख्ख्या पायाला केला की तळव्याच्या बुरशीचं दुखणं कळतं. एका पूर्ण पायाला सुमारे १ ग्रॅम, दोन पाय, दोन वेळा, म्हणजे रोज ४ ग्रॅम आणि आठवड्याला २८ ग्रॅम. शिवाय तिथली कातडी जाड, मलम आत जायला कठीण. म्हणून अशा वेळी डॉक्टर कातडी मऊ करणारं युरियाचं मलम जोडीला देतात किंवा टर्बिनाफिनच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या सुचवतात. या गोळ्या यकृतावर परिणाम करू शकतात, म्हणून दुकानातून परस्पर आणू नयेत.

लावण्याचा क्रम असा. पाय साबणानं धुवा. वेगळ्या पातळ सुती फडक्यानं प्रत्येक बेचकं टिपा, घासू नका, घासलं की भिजलेली कातडी सोलवटते. मग बोटं फाकवून ५-१० मिनिटं पंख्याखाली बसा. हीच पायरी सगळे गाळतात. ओल्या कातडीवर मलम घसरतं आणि खालची ओल कोंडून ठेवतं. लाल जागेच्या बाहेरही २ सेंटिमीटरपर्यंत लावा, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. एकाच बेचक्यात त्रास असला तरी दोन्ही पायांच्या सगळ्या बेचक्यांना लावा. हात धुवा. कपडे घालताना आधी मोजे, मग अंतर्वस्त्र. उलट केलं तर अंतर्वस्त्र पायावरून वर चढताना बुरशी सोबत नेते. जांघेतल्या खाजेचा हा एक ठरलेला रस्ता आहे.

बेचकं पाझरत असेल तर त्यावर थेट मलम टिकत नाही. आधी २-३ दिवस पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात पाय १०-१५ मिनिटं बुडवावेत आणि लगेच टिपून कोरडे करावेत. ४०० मिलिग्रॅमची गोळी ४ लिटर पाण्याला, हे प्रमाण. सुटे खडे वापरत असाल तर ते आधी दुसऱ्या भांड्यातल्या पाण्यात पूर्ण विरघळवून पाणी गाळून घ्या, कारण न विरघळलेला खडा कातडीला लागला तर भाजतं. पाणी जांभळं झालं असेल तर ते जास्त कडक आहे. नखं तपकिरी होतात, बादलीला डाग पडतात, त्याची तयारी ठेवा. पाझर थांबला की हा प्रकार बंद करायचा, नाहीतर कातडी कोरडी पडून नव्या चिरा जातात.

घरगुती उपायांतली मेंदी जुनी आणि बऱ्याच अंशी समजूतदार. तिनं कातडी आवळते आणि ओल कमी होते. पण तिच्या भरवशावर मलम टाळू नये, आणि काळी मेंदी तर अजिबात नको, तिच्यातल्या केसांच्या रंगानं फोड येतात. खोबरेल तेल लावून वर मोजे घालणं म्हणजे ओल कोंडणं. चुना, रॉकेल आणि ठेचलेला लसूण हे तिन्ही कातडी जाळतात, आणि जळलेल्या बेचक्यात जिवाणू आधी शिरतात.

पावसातल्या वाटेवर

सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकला पाय कोरडे राहतील ही आशा सोडून द्यावी. पाणी न शिरणारे महागडे बूट तिथं उलटे पडतात. ओढा घोट्याच्या वर चढला की पाणी वरून आत येतं आणि मग बुटातल्या पाणी अडवणाऱ्या पडद्यामुळेच बाहेर जात नाही. तुम्ही दिवसभर स्वतःचं तळं पायात घेऊन चालता. त्यापेक्षा जाळीचे, पाणी वाहून जाऊ देणारे, पकड चांगली असलेले बूट बरे. गमबुटाचीही तीच गत. शेतात ते काटे, साप आणि चिखलापासून वाचवतात म्हणून वापरावेच, पण दर दोन-तीन तासांनी काढून पाय पुसावेत आणि आतला घाम फडक्यानं टिपावा.

मोजे सुती नकोत. सूत पाणी धरून ठेवतं आणि घड्या पडून घासतं. लोकरीचे किंवा सिंथेटिक मोजे ओल कातडीपासून दूर ओढतात. बोटाबोटांचे वेगळे कप्पे असलेले मोजे चिखल्या वारंवार होणाऱ्यांना खरोखर उपयोगी पडतात, कारण बेचक्यातली कातडी कातडीला चिकटत नाही. एका दिवसाला दोन जोड हवेत, एक पायात आणि एक पिशवीत. मुक्कामी ट्रेक असेल तर तिसरा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा आणि तो फक्त झोपताना घाला. ओले मोजे सकाळी पुन्हा चढवायचा कंटाळा येतो म्हणून कोरडे घालून निघालात, तर पहिल्या ओढ्यातच तुमची शेवटची कोरडी वस्तू गेली.

कातडी धडधाकट असेल तर निघण्यापूर्वी बेचक्यांत आणि टाचेला व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला की पाणी कमी मुरतं. संध्याकाळी तो साबणानं धुऊन काढायचा. आधीच चिखल्या असतील तिथं मात्र व्हॅसलिन नको.

जेवणाच्या थांब्याला बूट-मोजे काढा, बेचकी टिपा, १५ मिनिटं पाय उघडे ठेवा, मोजे पिळून घाला किंवा बदला. दिवसभरात एवढा एक थांबा पाळला तरी कातडी फुगण्याचा वेग मोडतो. पावडर वापरायची तर बुरशीविरोधी, क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोलची, आणि फक्त कोरड्या कातडीवर. ओल्या बेचक्यात पावडर टाकली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्या वाळूसारख्या घासतात.

मुक्कामाला बूट चुलीजवळ ठेवू नका, तळ सुटतो. नाडी आणि आतला तळवा बाहेर काढा, बुटाची जीभ पूर्ण उघडा, चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद चवड्यापर्यंत कोंबा, तासाभरानं तो बदला आणि झोपताना पुन्हा बदला. घरी टेबल पंख्यासमोर ठेवले तरी दमट हवेत बूट आतपर्यंत वाळायला २४ ते ४८ तास लागतात. म्हणून रोज धावणाऱ्याला बुटांचे दोन जोड हवेतच. ही चैन नाही. मोजे उलटे करून धुवा. साध्या गार किंवा कोमट पाण्यानं बीजाणू मरत नाहीत. कापड सोसत असेल तर ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा आणि मिळेल तेव्हा कडक उन्हात वाळवा.

कधी थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा

चिखल्यांची चीर हे पायाचं उघडं दार आहे. पायावर येणाऱ्या सेल्युलायटिसचा, म्हणजे कातडीखालच्या जिवाणू संसर्गाचा, तो नेहमीचा प्रवेशमार्ग. घोट्यावर किंवा नडगीवर लाली चढत असेल, भाग गरम आणि सुजलेला असेल, ताप असेल किंवा जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. हे मलमाचं काम उरलेलं नसतं.

दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर-गुरांच्या मूत्रानं दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून त्याचे जिवाणू फाटलेल्या कातडीवाटे आत जातात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात त्याचे रुग्ण सापडतात. पाय फाटलेले असताना साचलेल्या पाण्यात उतरणं टाळा. शेतात उतरणं भागच असेल तर गमबूट घाला. नंतरच्या महिन्याभरात ताप, पोटऱ्या दुखणं किंवा डोळे लाल होणं असं काही झालं, तर डॉक्टरला 'चिखलात काम केलंय' हे आपणहून सांगा.

मधुमेह असलेल्यांनी पहिल्या पांढऱ्या चट्ट्यालाच दाखवावं. पायाची संवेदना कमी असेल तर चीर खोल जाईपर्यंत कळत नाही, आणि गरम पाण्यात पाय बुडवले तर भाजलेलंही कळत नाही.

शेवटी नखं बघा. अंगठ्याचं नख पिवळसर, जाड, ठिसूळ झालं असेल आणि त्याखाली भुसा साचत असेल, तर बुरशीचं कोठार तिथं असू शकतं. मलम नखातून नीट आत जात नाही, आणि पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. तपासणीनं खात्री झाल्यावर डॉक्टर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्या देतात. नखाचा इलाज झाला नाही, तर बेचकी कितीही साफ केली तरी बुरशी तिथून पुन्हा उतरते.

पाऊस सरला की ट्रेकचे बूट तसेच माळ्यावर टाकू नका. आतले तळवे काढून फेका, ते ९-१० महिने बीजाणू जपून ठेवतात आणि नवी जोडी फार महाग नसते. बूट धुऊन, ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवस वाळवून, प्लास्टिकऐवजी कापडी पिशवीत ठेवा. आणि शेवटच्या ट्रेकनंतर चिखल्या दिसत असतील, तर मलम लावण्याची ठरलेली मुदत बूट माळ्यावर गेल्यावरही पूर्ण करा.